रुईवरचे किडे

चौसाळा,
२ जुलै २०२५

सोमा,

आशीर्वाद वरतीच लिहायचा असतो, म्हणून लिहिला असं समज. मनातून अजून निघालेला नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पोस्टानं लिहिते. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. तो तुझ्या परळीच्या हार्डवेअरच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर हातात पाकीट देईल. वाच, नाहीतर खिळ्यांच्या पेटीत टाक, तुझी मर्जी.

तुझ्या पोरीला मी पळवलेलं नाही, हे आधी डोक्यात घाल. साखरपुडा मोडायची बुद्धी मी तिला दिलेली नाही. रुचिका एक दिवस दुपारच्या एस.टी.तून उतरली. पाठीला बॅग, डाव्या करंगळीला चिंधी. मी साखर तोलत होते. म्हणाली, "आत्या, थोडे दिवस राहू का?" भावाची पोरगी, तिला काय जा म्हणू? कशापायी आलीस विचारलं, तर म्हणाली, "वीरेशशी लग्न करायचं न्हाई." का न्हाई, तर चिंधी घट्ट करत बसली. बोटाला काय झालं, तर जीपच्या दारात अडकलं. एवढ्यावर संपलं. मी पण जास्त खोदलं नाही, दुकानात गर्दी होती.

पण तिला आता घेऊन जा. माझं घर नासलं.

दुकानाच्या वरची खोली, जिथं मी तांदळाची पोती ठेवायचे, तिथं आता अळ्या आहेत. पडल्या-झडल्या नाहीत, पाळलेल्या. मागच्या पडीक जागेत रुई माजलीय. सोमवारी महादेवाला फुलं मिळतात म्हणून मी ती कधी काढली नाही. तर या पोरीनं रुईच्या पानांवरच्या अळ्या उचलून घरात आणल्या. अंगावर पांढरे-काळे-पिवळे पट्टे आणि काळी मऊ शिंगं. शिंगं तोंडाकडंही आणि बुडाकडंही. तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते बघायला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की मी पदर नाकाला लावते.

खातात आणि हगतात. दुसरं काम नाही. रात्रंदिवस. खोक्यात खाली मोहरीएवढ्या लेंड्या साचतात, आणि तुझी शिकलेली पोरगी त्या ब्रशनं गोळा करते. जेवताना मला म्हणाली, "आत्या, अंड्यातून निघाली की अळी पहिल्यांदा अंड्याचं टरफलच खाते. मोठी झाली की कातडं टाकते आणि वळून ते पण खाते." ताटात वरण-भात होता. मी ताट सरकवलं.

किडे शिकायला बी.एस्सी.ला घातलीस तेव्हाच मी म्हटलं होतं, हिला बी.कॉम. कर, दुकानाचा हिशेब तरी बघेल. आता ये आणि ने. साखरपुडा कसा सांधायचा ते तुम्ही नवरा-बायको बघा.

— अक्का


चौसाळा,
९ जुलै

सोमा,

तुझा निरोप पोचला. स्वतः बोलायची हिंमत नाही म्हणून रुद्राणीकडून फोन करवलास. बिचारी तुझी बायको पाठ केल्यासारखं बोलली आणि ठेवून दिला. काय, तर "अक्काला पोटी लेकरू न्हाई, म्हणून आमची पोरगी बळकावली. मल्लिकार्जुनअप्पांसारखे व्याही हातातून गेले तर अक्काचं तोंड बघणार न्हाई."

वा. लई चांगलं. नवरा गेल्यावर मी एकटीनं हे दुकान चालवलं, कुणापुढं हात पसरला नाही, आणि या वयात धाकटा भाऊ मला वांझ म्हणतो, तेही बायकोच्या तोंडून. पान खाऊन थुंकल्यासारखं वाटलं अंगावर.

पण तुझ्याइतकीच मला पण ही सोयरीक हवी आहे, हे ऐकून ठेव. बीडात मल्लिकार्जुनअप्पांच्या कापडाच्या पेढीला केवढा मान आहे. मठात पहिली खुर्ची त्यांची. वीरेश तर साखरपुड्यात माझ्या दोनदा पाया पडला, एकदा फोटोसाठी आणि एकदा नुसताच. असं पोरगं सोडून ही इथं किडे चिवडत बसलीय.

आणि ते किडे आता उलटे टांगलेत. खाऊन-खाऊन फुगले, मग एक-एक जण डब्याच्या झाकणाला बूड चिकटवून डोकं खाली करून लोंबायला लागला. रुचिकानं मला हाताला धरून वर नेलं. "आत्या, आता बघ." माझ्यासमोर एकाचं कातडं पाठीवर फाटलं आणि आतून हिरवा, ओला, लिबलिबीत गोळा बाहेर आला. वळवळत होता. शिंगं, पाय, तोंड, सगळं कातड्याबरोबर गळून पडलं. मी भिंतीला टेकले. ती म्हणते, आता याचा कोष होईल आणि आत अळी विरघळून जाईल. म्हणजे पाणी होईल तिचं. त्या पाण्यातून पंख जमतील.

मी म्हटलं, "तुला हे बघून काय मिळतं गं?"

"डोकं शांत राहतं," म्हणाली. "तिकडं सारखा फोन वाजायचा. कुठं हायस, कुणाबरोबर हायस, फोटो पाठव. इथं कुणी विचारत न्हाई."

कोण विचारायचं, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, रुद्राणी विचारत असेल. आईला काळजी असतेच.

कोष मात्र वाळल्यावर बरे दिसतात. हिरवेगार, आणि वर सोन्याचे ठिपके. आत काय आहे हे माहीत नसतं तर मी कानात घातले असते.

— अक्का


चौसाळा,
१७ जुलै

सोमा,

तुला जमलं नाही ते मी केलं. मल्लिकार्जुनअप्पांना मी स्वतः फोन लावला. शरणार्थ म्हणून नमस्कार केला, म्हटलं, पोरीचं वय आहे, बुजलीय, तुम्ही मोठ्या मनानं एकदा इकडं या, समोरासमोर बसलं की मळभ जाईल. अप्पा म्हणाले, "उमाबाई, तुमी बोलावलं म्हणल्यावर येणार." मग फोन वीरेशनं घेतला. काय गोड बोलतं रे पोरगं. "आत्या, तुमचे गुडघे कसे आहेत? मी तेल आणतो." माझे गुडघे दुखतात हे माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही.

येत्या रविवारी तिघं येतायत, अप्पा, वीरेश आणि त्याची आई. तुला बोलावत नाही. तू आलास की आवाज चढवणार.

रुचिकाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर एस.टी. धरेल.

आणि त्या किड्यांचं मी काहीतरी चांगलं करणार आहे. आजकाल लग्नात नवरा-नवरीनं खोका उघडायचा आणि फुलपाखरं उडवायची अशी फॅशन आलीय, बीडच्या एका लग्नात मी बघितली. रुचिकाचे कोष रविवारी सकाळी उघडतील असं तीच म्हणाली. सासूनं खोका उघडला आणि त्यातून फुलपाखरं निघाली, तर घरी काय सांगेल? सुनेच्या हातात कला आहे म्हणेल. किड्यांचा वास येणार नाही तिला.

रव्याचे लाडू करतेय. रुद्राणीला सांग, देवापुढं दिवा लाव.

— अक्का


चौसाळा,
२१ जुलै

सोमा,

दिवा लावला नसशील तर आता लावू नको.

काय झालं ते दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. रविवारी सकाळी रुचिका मागं रुईची पानं तोडायला गेली. मी तेवढ्यात वर गेले. खिडकीत एक खोका होता, तिनं दाखवलेला, आज निघतील म्हणालेली तो. उघडला तर कोष काळे पडलेले. कालपर्यंत हिरवे होते, आज काळे, आणि वरची साल भिजल्या प्लास्टिकसारखी पारदर्शक झालेली, आतलं काहीतरी करपलेलं नारिंगी दिसतंय. आषाढात धान्याला बुरशी येते, तसं सगळं सडलं, असं वाटलं.

दुकानदार बाई मी. माल खराब निघाला की काय करतात, ते मला कुणी शिकवायला नको. सूप घेतलं, तुरीची डाळ निवडते तसे कोष निवडले. काळे काढले आणि मागच्या उकिरड्यावर फेकले. हिरवे दोन-तीनच उरले.

मग फळीवर दुसरा खोका दिसला. वरून फडकं बांधलेला, सगळ्यांपासून वेगळा ठेवलेला. दुकानात वेगळा काढून ठेवलेला माल म्हणजे उत्तम माल, घरच्या माणसासाठीचा. फडक्याची एक बाजू उचलून बघितली. कोष हिरवे, सोन्याचे ठिपके जागच्या जागी. एकेकावर चहाचा थेंब पडल्यासारखा डाग होता, पण डाग तर हापूसलाही असतो. खाली कोपऱ्यात तपकिरी दाणे पडले होते, मला वाटलं लेंड्या. उरलेले हिरवे पण त्यातच ठेवले, वरून झाकण लावलं, चमकीचा कागद गुंडाळला, रिबीन बांधली.

पाहुणे पोह्यांच्या वेळेला आले. रुचिका पानांची पिशवी घेऊन मागच्या दारातून आत आली आणि वीरेशला बघून जागीच उभी राहिली. तोंडावरचं रक्त उतरलं तिच्या. पिशवी ठेवली, हात धुतले, येऊन बसली. मला वाटलं, झालं, जमलं.

मी खोका वीरेशच्या आईपुढं ठेवला. "तुमच्या सुनेनं केलंय." रुचिका म्हणाली, "आत्या, तो कुठला खोका?" पण तोवर त्यांनी रिबीन सोडली होती.

आतून माशा निघाल्या, सोमा. घरमाशीसारख्या, जरा राठ केसाळ. पोह्यांवर बसल्या, लाडवांवर बसल्या, एक त्यांच्या ओठावर बसली. आणि ज्या कोषांना मी मालातला माल समजले, त्यातून शेंबडासारख्या तारा लोंबत होत्या आणि त्या तारांच्या टोकाला पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक त्यांच्या साडीच्या निऱ्यांत पडली. बाई मोरीपर्यंत पण पोचल्या नाहीत.

रुचिका हळू आवाजात सांगायला लागली, कुणी विचारलं नव्हतं तरी. ती माशी रुईच्या पानावर बारीक अंडी घालते. अळी पानाबरोबर ती गिळते. अळी वाढते, कोष करते, वरून सगळं हिरवंगार, आणि आत माशीची पोरं तिला खाऊन संपवतात. मग तार सोडून खाली उतरतात, त्यांचे तपकिरी दाणे होतात आणि दाण्यातून माशी निघते. असे कोष बाकीच्यांपासून लांब ठेवावे लागतात, म्हणून तो खोका वेगळा होता. आणि काळे पडलेले तेच खरे निघणारे होते. निघायच्या आधी कोष पारदर्शक होतो आणि आतले पंख दिसतात, म्हणाली.

अप्पा नाकाला उपरणं लावून अंगणात गेले. वीरेश मात्र हसत होता. "असू द्या आत्या, होतं," म्हणाला. हात धुवायला वर गेला, मी टॉवेल दिला. सगळ्यांनी चहा घेतला. जाताना म्हणाले, कळवतो.

पाहुणे गेल्यावर मी पोहे टाकायला उकिरड्यावर गेले. मी फेकलेले काळे कोष फुटले होते. कांद्याच्या सालींवर, चहाच्या चोथ्यावर नारिंगी फुलपाखरं बसलेली, पंख ओले, चुरगाळलेले. आणि पंख सुकायच्या आधी त्यांनी काय केलं असेल, तर तांबडं पाणी हगून ठेवलं होतं. चांगली निघाली ती पण असली.

— अक्का


चौसाळा,
२४ जुलै

सोमा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. लिहवत नव्हती. पत्र पेटीत टाकून आले आणि तेव्हापासून परत लिहायला बसतेय.

वीरेश हात धुवायला वर गेला आणि मी टॉवेल दिला, असं लिहिलं. वर रुचिका पण होती. ती माशांचा खोका घेऊन आधीच वर गेली होती. मी टॉवेल घेऊन जिना चढले तर हा तिच्या पुढ्यात उभा, तिचा डावा हात याच्या हातात. लांबून बघितलं असतं तर कुणी म्हणालं असतं, किती माया आहे. त्यानं तिची करंगळी धरली होती आणि मागं वाकवत होता. हळूहळू, घाई नाही. आणि गोड बोलत होता, माझ्याशी फोनवर बोलला त्याच आवाजात. "आईपुढं तमाशा केलास ना? आता खाली जायचं. पाया पडायचं. हसत."

पोरीचे ओठ मिटलेले, डोळे भिंतीवर. ज्याला सवय झालीय त्याचं तोंड असं असतं.

आणि मी काय केलं माहीत आहे? मी टॉवेल दिला. त्यानं बोट सोडलं, "थँक्यू आत्या" म्हणाला आणि एक-एक बोट सावकाश पुसलं. मी खाली आले, चहा गाळला, साखर किती घालू विचारलं. त्याच्या कपात दोन चमचे घातले. रुचिका खाली येऊन त्या बाईच्या पाया पडली, हसत. त्यांची गाडी वळली तेव्हा मला ओकारी झाली. त्या अळ्यांनी जे केलं नाही ते माझ्याच हातच्या चहानं केलं.

मग काल मी तिला समोर बसवलं. चिंधी सोडली. बोट वाकडं जुळलंय. जीपचं दार नव्हतं ते. साखरपुड्यानंतर एकदा फोन उचलला नाही म्हणून त्यानं मोडलं होतं, अंबाजोगाई रोडला गाडीत, बाहेर पाऊस चालू असताना, रडलीस तर दुसरं मोडीन म्हणाला होता.

मी म्हटलं, "बाई, बापाला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं."

सोमा, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. तुला सांगितलं होतं, तुझ्या दुकानात, गल्ल्यापाशी उभं राहून. आणि तू म्हणालास, "बोटच हाय ना. हात तर न्हाई मोडला." आणि रुद्राणीनं हळद लावून चिंधी बांधली आणि म्हणाली, कुणाला सांगू नको.

ते वाक्य मी कालपासून सारखं म्हणून बघतेय. भांडी घासताना, माल देताना. एका गिऱ्हाइकानं विचारलं, काय पुटपुटता? तुझ्या तोंडातून ते कसं निघालं असेल ते मला कळत नाही. हातात स्क्रू मोजत होतास का? पोरीकडं बघून बोललास का नुसतंच?

लहानपणी तुझ्या नाकाचा शेंबूड मी पदरानं पुसलाय, मला कधी घाण वाटली नाही. आज तुझं नाव पाकिटावर लिहिताना वाटली.

मी तिला विचारल्याशिवाय त्या माणसाला घरी बोलावलं, याचा राग तिला यायला पाहिजे होता. तिला आला नाही. ती मला म्हणाली, "तुला माहीत नव्हतं आत्या." तुला माहीत होतं.

— उमा


चौसाळा,
२९ जुलै

सोमा,

रुद्राणीचा फोन आला. रविवारी तू, अप्पा आणि वीरेश अप्पांची गाडी घेऊन येणार आणि रुचिकाला नेणार. अप्पांच्या घरातून लग्नाची घाई आहे, दिवाळीपर्यंत थांबत नाहीत, म्हणजे कुणाला बोभाटा करायला वेळ नको. आणि वीरेश म्हणे मोठ्या मनानं सगळं विसरायला तयार आहे.

तू पत्र वाचलंस का? वाचूनही येतोयस का?

रुद्राणीनं निरोप सांगून झाल्यावर फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "अक्का, तिचं बोट दुखतं का?" मी म्हटलं, पावसाळी हवेत दुखतं. मग ठेवला.

ये. अडवत नाही. पण साखरपुड्याला जे नारळासह दिलं, ते नारळासह परत करायची आपल्यात रीत आहे, आणि ती चार माणसांसमोर करायची आहे. चार माणसं मी बोलावून ठेवते.

— उमा


चौसाळा,
५ ऑगस्ट

सोमा,

रविवारी जे झालं ते तू डोळ्यांनी बघितलंस, तरी लिहिते. कारण तू घरी गेल्यावर रुद्राणीला वेगळंच सांगितलं असशील. हे पत्र तिला वाचायला दे. देणार नाहीस, म्हणून दुसरी प्रत तिच्या माहेरी टाकलीय.

गाडी दुकानापुढं लागली. तू उतरलास, आणि सख्ख्या बहिणीला म्हणालास, "अक्का, बाजूला हो. माझी पोरगी हाय, मी नेतो." मी म्हटलं, "ने की. गाडीपर्यंत ती स्वतः चालत आली तर ने."

चार माणसं होती. तेल न्यायला आलेली दगडाबाई, समोरचा चहावाला सुग्रीव, शेजारचे शिंपी आणि त्यांची बायको. तुला ती कमी वाटली, तू म्हणालास, ही कसली पंचमंडळी. दगडाबाईनं बाटली खाली ठेवली आणि पदर सावरून उभी राहिली.

रुचिका जिन्यावरून खाली आली. हातात परात. येतानाच बॅगेत आणलेली साडी, अंगठी, पैंजण, वर नारळ. अंगठी परातीत वाजत होती. तिनं तुझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं. तू गाडीच्या आरशाकडं बघत होतास.

मग ती अप्पांकडं वळली. "अप्पा, तुमच्या पोरानं माझं बोट मोडलंय. एकदा मोडलं, आणि इथं वरच्या खोलीत परत मोडायला निघाला होता. मी तुमच्या घरात येणार न्हाई."

वीरेश हसला. "आत्या, तुम्ही तरी सांगा. चेष्टा-मस्करीत झालं ते. किड्यांच्यात राहून हिचं डोकं फिरलंय."

मी म्हटलं, "मी बघितलंय. टॉवेल मीच दिला होता तुला."

तेवढंच बोलायला मला दोन आठवडे लागले. अप्पांनी पोराकडं बघितलं. विचारलं, "हात लावलास का?" वीरेश फोनमध्ये बघायला लागला. अप्पा माफी मागतील असं मला वाटलं होतं, मठात पहिली खुर्ची आहे म्हणून. नाही मागितली. पोरीला एक शब्द नाही. नारळ उचलला, परात पोराच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसले. त्यांची मला किळस आली, पण निदान त्यांना शरम वाटली असावी, मान वर नव्हती.

आणि तू.

तू गाडीच्या मागं पळालास, सोमा. "अप्पा, थांबा. लेकरू हाय ते. मी समजावतो. अप्पा." चिखलातून, सगळ्या चौसाळ्याच्या देखत. चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकून एका अनवाणी पायानं पळालास. काचेवर थापा मारल्यास. गाडी थांबली, दार उघडलं आणि तू आत बसलास. वीरेशच्या शेजारी. तुझी पोरगी इथं दुकानाच्या पायरीवर उभी होती, रिकाम्या हातांनी. तुझी चप्पल सुग्रीवनं काठीनं उचलून गटारात टाकली. मी थांबवलं नाही.

गाडी गेल्यावर ती रडेल असं वाटलं. नाही रडली. वर गेली आणि कपडे बदलून खाली आली. म्हणाली, "आत्या, डाळीचं पोतं संपलंय." आम्ही दोघींनी नवं पोतं फोडलं.

दुसऱ्या दिवशी बीडला दवाखान्यात नेलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर सरळ बसलं असतं, आता असंच राहील. बीडातल्या एका शाळेत मागच्या आठवड्यापासूनच विज्ञान शिकवायला तिला घेतलंय, सध्या तात्पुरतं. सकाळच्या एस.टी.नं जाते, संध्याकाळी येते. पहिल्या दिवशी पोरांना दाखवायला अळ्या डब्यात भरून घेऊन गेली. माझ्या जेवणाच्या डब्यात. तो डबा मी आता वापरणार नाही. मला आजही शिसारी येते, ती सुट्टीच्या दिवशी पानं बदलते तेव्हा मी त्या खोलीत जात नाही. उगीच गोड बोलणार नाही, मला ते बघवत नाही.

रुद्राणीला पोरीला भेटायचं असेल तर दार उघडं आहे. रुचिका रोज सातच्या सुमारास घरी असते. एकटी आली तर चहा, जेवण, राहणं, सगळं. तुझ्याबरोबर आली तर पायरीच्या वर येऊ देणार नाही, तिलाही नाही.

हे पाकीट जाड लागलं म्हणून चाचपून बघत असशील. पत्रच आहे, दुसरं काही नाही. दर वर्षी राखीपौर्णिमेच्या आधी तुला पाकीट येतं, म्हणून सांगते. या वर्षीचा माल आला तेव्हा सगळ्यात चांगली राखी तुझ्यासाठी बाजूला काढली होती, लाल गोंड्याची. जुलैतच काढली होती, खोटं कशाला बोलू. रविवारी संध्याकाळी ती परत पुठ्ठ्यावर टोचली. आज सकाळी एक पोरगी आली, सगळा पुठ्ठा बघितला आणि भावासाठी तीच पसंत केली. कागदात बांधून दिली.

— उमा